यंत्राशी चार शब्द

सरकारी नोकरीत रात्री अकरा वाजेपर्यंत कचेरीत बसून राहण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. येतात ते बहुधा निवडणुकीचे, पुराचे अथवा अंदाजपत्रकाचे. परंतु काही वर्षांपूर्वी, महाराष्ट्राबाहेरील एका राजधानीच्या शहरी मी नेमणुकीवर असताना, असा एक प्रसंग यांपैकी कोणत्याही कारणावाचून आला. विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आमच्या खात्याच्या संकेतस्थळावर भरले जात होते. त्या रात्री बारा वाजता मुदत संपावयाची होती आणि साडेदहाच्या सुमारास ते संकेतस्थळ उघडेनासे झाले. दूरध्वनी खणखणू लागले. कोणा तालुक्याच्या गावाहून, कोणा वसतिगृहातून, कोणी बापाने मुलीच्या वतीने, सर्वजण एकच विचारीत होते : आता आम्ही काय करावे?

यंत्राची देखभाल करणारा तरुण मूळचा नांदेडकडचा होता, त्यामुळे आमचे बोलणे मराठीतच चाले. मी त्याला म्हणालो, "बंद करा आणि पुन्हा चालू करा." अडलेल्या यंत्राविषयी आम्हा अधिकाऱ्यांना ठाऊक असलेला उपाय तो एवढाच. त्याने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले, "साहेब, दोन मिनिटे द्या. आता मारले, तर कशाने अडले होते ते पुन्हा कधीच कळणार नाही." मग त्या काळ्या पडद्यावर त्याने एकामागून एक चार-पाच आखूड शब्द उमटविले. एसएसएच, पीएस, ग्रेप, टेल, किल. त्यांत चित्र नव्हते, बटण नव्हते, रंग नव्हता. एखाद्या मांत्रिकाने पुटपुटावे तसे ते शब्द मला त्या वेळी वाटले. पुढे फावल्या वेळात मी त्यांचा माग काढला. इतिहास हा माझा एम. ए.चा विषय, त्यामुळे कोणतीही गोष्ट दिसली की ती आली कोठून हे पाहण्याची खोड मला आहे. त्या शोधात जे हाती लागले ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

आरंभ १९६९ सालापासून करावा लागतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळा होती. ही संस्था टेलिफोन कंपनीची, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. एम. आय. टी. आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या जोडीने मल्टिक्स नावाची एक प्रचंड संगणक-प्रणाली उभारण्याच्या कामातून ही प्रयोगशाळा त्या वर्षी बाहेर पडली होती. केन टॉम्प्सन नावाच्या तिथल्या एका संशोधकाला पीडीपी-७ नावाचे एक जुने, दुर्लक्षित यंत्र मिळाले. त्या उन्हाळ्यात त्याची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन काही आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियास गेली, आणि घरात मिळालेल्या त्या निवांतपणात टॉम्प्सनने एका नव्या प्रणालीचा सांगाडा उभा केला. डेनिस रिची त्याला येऊन मिळाला. तीच युनिक्स.

त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप, कागदाच्या गुंडाळीवर खटखट छापणारे तारयंत्राच्या जातीचे उपकरण. त्याचे ३३ क्रमांकाचे नमुनायंत्र सेकंदाला अवघी दहा अक्षरे छापी, आणि कळा दाबताना बोटे दुखत. अशा यंत्रावर लांबलचक आज्ञा कोण लिहील? म्हणून आज्ञा दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या झाल्या. आपल्या जुन्या तारांमध्ये शब्दामागे पैसे पडत म्हणून 'आई गंभीर, ताबडतोब निघ' अशी भाषा जन्मास आली, तसेच हे. टेलिटाइप केव्हाच अडगळीत गेले. परंतु आजही लिनक्सवर आपण ज्या खिडकीतून यंत्राशी बोलतो तिला यंत्राच्या आतील नोंदीत 'टीटीवाय' असेच म्हणतात, म्हणजे टेलिटाइप.

आज्ञा ऐकून त्या यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोचविणाऱ्या मध्यस्थाला 'शेल', म्हणजे कवच, म्हणतात. हे नाव युनिक्सच्याही पूर्वीचे आहे. लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ते मल्टिक्सच्या आखणीच्या वेळी दिले. १९७९ साली स्टीफन बोर्न याचे शेल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले, आणि १९८९ साली ब्रायन फॉक्सने जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलेल्या शेलला 'बॅश' हे नाव मिळाले, त्यात 'बोर्न अगेन' म्हणजे पुनर्जन्म असा श्लेष आहे. आमचा नांदेडचा तरुण बोलत होता तो या बॅशशीच.

युनिक्स मरे हिलच्या बाहेर पसरली याचे कारण तांत्रिक कमी आणि कायद्याचे अधिक आहे. १९५६ साली अमेरिकन सरकार आणि टेलिफोन कंपनी यांच्यात न्यायालयात एक तडजोड झाली होती, आणि तिच्यामुळे कंपनीला टेलिफोनखेरीज अन्य धंद्यात उतरता येत नव्हते. मग तिने युनिक्स विद्यापीठांना नाममात्र दराने, मूळ लेखनासह देऊन टाकली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घातली. त्यांतील बिल जॉय हा १९८२ साली सन मायक्रोसिस्टिम्स या नव्या कंपनीच्या संस्थापकांत होता, आणि पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे त्याचे एक सहसंस्थापक. पुढे बंधन सुटताच टेलिफोन कंपनी युनिक्सचे पैसे मागू लागली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने सर्वांना मुक्त असणाऱ्या प्रणालीची, जीएनयूची, घोषणा केली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतील लिनस टोरव्हाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले. त्या गाभ्याला आज लिनक्स म्हणतात. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामासाठी अशा मुक्त प्रणालींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. आमच्या खोलीतील ते यंत्र लिनक्सवर चालत होते, ते एवढ्या मोठ्या फेऱ्याने.

आता त्या तरुणाच्या पहिल्या शब्दाकडे येतो. आमचा सर्व्हर त्या खोलीत नव्हताच. तो दूरच्या दुसऱ्या इमारतीत होता. एसएसएच या शब्दाने तो येथे बसून तिकडे पोचला. पूर्वी असे पोचण्यासाठी टेलनेट वापरीत, आणि त्यातून परवलीचा शब्द उघडाच, पोस्टकार्डावर लिहावा तसा, तारेवरून जाई. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी चोरून असे हजारो शब्द टिपले. तिथल्या टाटू यलोनेन या संशोधकाने त्यावर उतारा म्हणून सर्व संभाषण गूढाक्षरांत गुंडाळणारा हा कार्यक्रम लिहिला. त्याला दार म्हणून क्रमांक मिळाला २२. त्याच्या अलीकडे २१ वर फायली नेण्याची जुनी सोय, पलीकडे २३ वर टेलनेट, आणि मधली जागा रिकामी होती. लिनक्सही हेलसिंकीची आणि एसएसएचही त्याच देशातले. ज्या देशाचे नाव आपल्याकडे भूगोलाच्या तासाखेरीज क्वचित निघे, त्याचे आपल्या कचेऱ्यांवर एवढे ऋण आहे.

दुसरी आज्ञा होती पीएस, आणि तिला एका उभ्या रेघेने जोडलेली ग्रेप. पीएस म्हणजे यंत्रात या क्षणी चालू असलेल्या कामांची हजेरी. ती शेकडो ओळींची असते. उभी रेघ ही नळी आहे. एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या तोंडी नेऊन घालावे, बागेतील रबरी नळीला नळी जोडावी तसे, ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच कागदावर मांडली होती. टॉम्प्सनने ती १९७३ साली प्रत्यक्षात आणली. ग्रेप हा शब्द कोणत्याही कोशात नव्हता. एड नावाच्या जुन्या लेखन-साधनात 'सर्वत्र अमुक नमुना शोध आणि छाप' असे सांगण्यासाठी जी अक्षरे लिहीत, तीच सलग वाचून हे नाव पडले. आज इंग्रजीच्या कोशात ते क्रियापद म्हणून बसले आहे. तरुणाने शेकडो ओळींतून 'जावा' हा शब्द ज्या ओळीत होता तेवढी निवडून काढली. तिच्या आरंभी एक क्रमांक होता. सैन्यातील शिपायास बिल्ला असावा तसा प्रत्येक कामाला असा क्रमांक असतो.

ही जावा कोठली? सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ पासून जेम्स गॉस्लिंग आणि त्याचे सहकारी एक नवी संगणकभाषा घडवीत होते. तिचे पहिले नाव ओक, गॉस्लिंगच्या खिडकीबाहेरील वृक्षावरून. ते नाव आधीच कोणी नोंदविले असल्याने बदलावे लागले, आणि कॉफीच्या नावावरून जावा ठरले. २३ मे १९९५ रोजी ती जगापुढे आली. कॉफीला ते नाव मिळाले बेटावरून, आणि बेटाचे नाव आपल्या वाल्मीकी रामायणातील किष्किंधाकांडात यवद्वीप म्हणून येते असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमेरिकेतील अभियंत्यांना याची कल्पना असण्याचे कारण नाही. पण संस्कृतची वाट कोठून कोठे फुटेल याचा नेम नसतो, हे पुढे पुन्हा दिसणार आहे.

संकेतस्थळाच्या मागे काम करणाऱ्या कार्यक्रमांची तेव्हा एक अडचण होती. १९९३ पासून रूढ असलेल्या पद्धतीत प्रत्येक अभ्यागतासाठी यंत्र एक नवे काम सुरू करी, आणि उत्तर देऊन झाले की ते संपवी. म्हणजे खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी नवा कारकून नेमावा, त्याला टेबल-खुर्ची द्यावी आणि पावती फाडताच त्याला बडतर्फ करावे, असा हा कारभार. गर्दी वाढली की यंत्र नेमणुकांतच दमून जाई. सनमध्ये यावर सर्व्हलेट ही योजना आखली गेली. कल्पना गॉस्लिंगची, तिचा पहिला आराखडा पावनी दिवाणजी यांनी तयार केला आणि तो १९९७ साली पक्का झाला. या आडनावाचा योग मला मोठा मौजेचा वाटतो, कारण या योजनेत कचेरी एकच आणि कायम असते. तिच्यात कारकुनांची एक ठरावीक पलटण बसलेली असते, आणि येईल त्याचे काम हातावेगळे करून प्रत्येकजण पुढच्यासाठी मोकळा होतो. या कारकुनांना थ्रेड म्हणतात.

या योजनेप्रमाणे चालणारा एक नमुन्याचा सर्व्हर सनमधील जेम्स डंकन डेव्हिडसनने लिहिला. तो १९९९ साली कंपनीने अपाची या संस्थेच्या स्वाधीन केला. ही संस्था अशा स्वयंसेवकांची, ज्यांनी १९९५ पासून एका विद्यापीठीय सर्व्हरला ठिगळे जोडीत जोडीत जगातील सर्वांत लोकप्रिय सर्व्हर केला होता. डेव्हिडसनला वाटत होते की एक दिवस या कार्यक्रमावर ओरायली प्रकाशनाचे पुस्तक निघेल, आणि त्या प्रकाशनाच्या मुखपृष्ठांवर नेहमी कोणता ना कोणता प्राणी असतो. तेव्हा स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकणारा प्राणी असावा म्हणून त्याने नाव दिले टॉमकॅट, म्हणजे बोका. पुस्तक निघाले २००३ साली, पण बोका तोवर दुसऱ्या एका पुस्तकाने पटकाविलेला, म्हणून मुखपृष्ठावर हिमबिबट्या आला. याच्या चौथ्या आवृत्तीत क्रेग मॅक्लॅनहनने गाभा नव्याने रचला आणि त्याला कॅटालिना हे नाव मिळाले; म्हणून आजही बोक्याला उठविण्याची आणि निजविण्याची आज्ञा कॅटालिनाच्या नावाने द्यावी लागते.

अपाचीत टॉमकॅट ज्या प्रकल्पाखाली आला त्याचे नाव होते जकार्ता, कारण सनमधील वाटाघाटी त्या नावाच्या बैठकीच्या खोलीत झाल्या. जावा बेटावरील ते शहर. त्याचे जुने नाव जयकर्ता, त्यात आपला 'जय' आहेच. तो प्रकल्प २०११ साली मोडला. परंतु २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली, आणि काही वर्षांनी जावाचा हा भाग तिने एक्लिप्स या संस्थेकडे सोपविला तेव्हा 'जावा' हे नाव मात्र हातचे सोडले नाही. नवे नाव हवे होते. २०१८ साली मतदानाने पुन्हा जकार्ता निवडले गेले. हा केवळ नावाचा खेळ राहिला नाही. कार्यक्रमांच्या पोटातील हजारो ओळींतही ते नाव बदलावे लागले, आणि टॉमकॅटच्या नवव्या आवृत्तीसाठी लिहिलेले कार्यक्रम दहाव्या आवृत्तीवर जसेच्या तसे चालेनासे झाले. देशोदेशींच्या कचेऱ्यांतून त्यापायी जे मनुष्यबळ खर्ची पडले त्याचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही.

असा सर्व्हर पडद्यामागे, कोणी समोर बसलेले नसताना, अहोरात्र चालतो. अशा कामाला युनिक्सच्या परिभाषेत डीमन म्हणतात. १९६३ च्या सुमारास एम. आय. टी. मध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या मंडळीने हा शब्द घेतला तो मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या कल्पनेतील, रेणू निवडीत बसलेल्या अदृश्य दूतावरून. त्याला सैतान समजू नये. आपल्याकडे वेताळ जसा प्रसन्न असला तर राबतो आणि प्रश्न सोडविला नाही तर खांद्यावरून उतरत नाही, तशी त्याची जात आहे.

नवशिक्याची फजिती येथेच होते. तो सर्व्हरला दूरच्या टर्मिनलवरून सुरू करतो, पण पडद्यामागे न पाठविता आपल्या डोळ्यांसमोर चालत ठेवतो. काम झाले म्हणून संगणक मिटतो, घरी जातो, आणि तिकडे संकेतस्थळ बंद! याचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. युनिक्सच्या जन्मकाळी दूरचा माणूस टेलिफोनच्या तारेवरून यंत्राशी जोडला जाई. तार तुटली, म्हणजे त्याने फोन ठेवला, तर त्याची कामे निष्कारण चालू राहू नयेत म्हणून यंत्र त्यांना एक इशारा देई. त्याचे नाव हँग-अप, क्रमांक १. आता ना ती तार उरली, ना ते रिसीव्हर आपटणे. पण पडदा मिटताच तोच इशारा सुटतो, आणि जावा तो ऐकून शहाण्यासारखी आवरते घेते. नोहप ही आज्ञा, म्हणजे 'फोन ठेवला तरी थांबू नकोस', यासाठीच निघाली.

यंत्र सुरू होताना कोणी कोणाला उठवावे याचा कारभार २०१० नंतर बहुतेक लिनक्स यंत्रांत सिस्टिमडी नावाच्या एका मुकादमाकडे गेला. लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी तो लिहिला आणि त्यावरून या मंडळींत कडाक्याचे वाद झाले. जुन्या लोकांना एवढी सत्ता एकाच्या हाती नको होती. मला त्यात पडावयाचे नाही. मात्र त्याची एक रीत मला आवडली. कोणा कामाला थांबवावयाचे असले की तो प्रथम सौम्य इशारा देतो, बहुधा ९० सेकंद वाट पाहतो, आणि नंतरच कठोर उपाय योजतो.

याचाच अर्थ त्या रात्री माझ्यापुढे उलगडला. तरुणाने आधी टेल या आज्ञेने सर्व्हरच्या रोजनिशीची शेवटची पाने उघडली. टॉमकॅटची ही नोंदवही कॅटालिना-डॉट-आउट या नावाची असते. पेशवे दप्तरातील रोजकीर्दी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ती परकी वाटणार नाही. घटका, वार, कोणी काय मागितले, काय दिले, कोठे नड आली, असे सर्व क्रमाने. फरक एवढाच की ही वही आपोआप कधी बदलली जात नाही. कोणी लक्ष दिले नाही तर ती वाढत वाढत यंत्राची सारी जागा व्यापते आणि सर्व्हर तिच्याच भाराखाली थांबतो. मग घाबरून कोणी ती फाईल पुसून टाकतो, तरी जागा मोकळी होत नाही. कारण युनिक्सचा नियम असा की फाईलचे नाव यादीतून काढले तरी, ज्याने ती उघडून धरली आहे त्याने ती सोडीपर्यंत, तिची जागा परत मिळत नाही. आवक-जावक वहीत प्रकरण निकाली निघालेले असते आणि कागद मात्र अजून कोणा टेबलावर असतात, हा प्रकार आम्हांस अपरिचित नाही.

त्या रात्रीच्या रोजनिशीत विशेष काहीच नव्हते. शेवटची नोंद दहा वाजून एकतीस मिनिटांची, आणि पुढे शांतता. तेव्हा मी पुन्हा म्हणालो, "मग आता थांबवाच." तो म्हणाला, "साहेब, किल म्हणजे दर वेळी मारणे नव्हे." आणि त्याने मला जे समजाविले ते थोडक्यात असे. किल ही आज्ञा नावाने मारेकरी असली, तरी तिचे काम निरोप्याचे आहे. निरोपाला क्रमांक असतात. १५ म्हणजे 'आवरा आणि निघा'. सर्व्हर हातातली कामे पुरी करतो, वह्या मिटतो आणि जातो. ९ म्हणजे तत्काळ अंत. तो निरोप त्या कामापर्यंत पोचतच नाही, यंत्राचा गाभाच त्याला नाहीसे करतो. अर्धवट भरलेले अर्ज स्मरणात असतील तर तेही त्याबरोबर जातात. आणि ३? युनिक्समध्ये ३ चा मूळ अर्थ 'मर, पण मरताना आपले अंतरंग कागदावर उतरवून जा' असा होता. जावाच्या कर्त्यांनी त्याला वेगळे वळण दिले. ३ हा निरोप मिळताच जावा मरत नाही. आपला प्रत्येक कारकून त्या क्षणी नेमके काय करीत आहे त्याचे टिपण रोजनिशीत लिहिते आणि कामास लागते.

त्याने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा हा निरोप धाडला. रोजनिशीत ओळींचा पूर आला. टॉमकॅटच्या नेहमीच्या नेमणुकीत दोनशे कारकून असतात. आमच्या येथेही तेवढेच होते. तीनही टिपणांत जवळजवळ सर्वांची ओळ एकच : डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटेची वाट पाहत आहे. या वाटा मोजक्या असतात आणि काम झाले की परत कराव्या लागतात. त्या परत येत नव्हत्या. ज्यांनी त्या अडवून धरल्या होत्या त्या पाच-सात कारकुनांची नावे तरुणाने ग्रेपने वेचून काढली, आणि ते कशात गुंतले आहेत ते मोठ्याने वाचले. ते एक जिल्हावार गोषवारा तयार करीत होते. किती अर्ज आले, कोणत्या जिल्ह्यातून, मुले किती, मुली किती. तो गोषवारा वरिष्ठांच्या पडद्यावर दर मिनिटास ताजा होऊन दिसावा असा आदेश होता. दिवसभर अर्ज थोडे होते तोवर तो पटकन निघे. अखेरच्या रात्री अर्जांचा डोंगर झाल्यावर एक गोषवारा पुरा होण्याआधी दुसऱ्याची मागणी येऊन उभी राही, आणि सर्व वाटा त्यांनीच व्यापल्या. दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना आत यावयास जागा उरली नाही.

सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला असता तर काय झाले असते? सुमारे दहा मिनिटे बरे चालले असते आणि पुन्हा तसेच. बाराच्या आत असे पाच-सहा वेळा केले असते. प्रत्येक वेळी अर्ध्यावर असलेल्यांचे अर्ज गेले असते, आणि सकाळी आम्ही यंत्राला दोष दिला असता. तरुणाने डेटाबेसच्या बाजूने त्या गोषवाऱ्याच्या चौकश्या रद्द केल्या आणि गोषवाऱ्याचे पान तात्पुरते काढून घेतले. वाटा मोकळ्या झाल्या. टेलच्या खिडकीतून रोजनिशी पुन्हा वर सरकू लागली, आधी थबकत, मग भराभर. अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाराच्या ठोक्यास मी मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाढविण्याची परवानगी फोनवरून घेतली, कारण गेलेला पाऊण तास विद्यार्थ्यांचा नव्हता, आमचा होता.

दुसऱ्या दिवशी मुदतवाढीच्या नस्तीवर मी टिपणी लिहिली. तीत 'तांत्रिक कारणास्तव' हे आमचे नेहमीचे दोन शब्द होते. ती मान्य होऊन आली. तरुणाने मात्र ती तीन टिपणे रोजनिशीतून कापून एका वेगळ्या फाईलमध्ये, दिनांक आणि वेळ घालून जपून ठेवली होती, आणि विचारल्यावर मला त्यांची छापील प्रत दिली. ती बरीच दिवस माझ्या टेबलाच्या खणात होती. दर मिनिटास गोषवारा दिसावा हा आदेश तीन महिन्यांपूर्वी माझ्याच सहीने निघाला होता. आठवड्याने मी ती नस्ती परत मागविली, छापील प्रत तिला जोडली आणि पहिल्या टिपणीखाली दुसरी टिपणी लिहून आदेश कोणाचा होता ते नमूद केले.